रिकाम्या रकान्यात काय लिहावे?

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर चाळले, तर जन्मतारखेच्या रकान्यात एक गोष्ट चटकन नजरेत भरते. त्या गावातली कितीतरी मुले १ जूनला जन्मलेली असतात. शिक्षकांना याचे कारण सांगायला नको. मूल शाळेत आणणाऱ्या पालकांना जन्माची तारीख ठाऊक नसे. ‘मोठ्या पुराच्या साली झाला’, ‘थोरलीच्या पाठीवर दोन वर्षांनी’ एवढीच माहिती मिळे. रकाना तर भरायलाच हवा. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवीत आणि दिवस-महिन्याच्या जागी १ जून लिहून मोकळे होत. पुढे हीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून नोकरीच्या सेवापुस्तकात गेली. १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे या दिवशी सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची एकच गर्दी उडते, हेही आपण पाहत आलो आहोत.

गुरुजींनी केले त्यात वावगे काही नव्हते. दुसरी कोणती तारीख त्यांनी लिहायला हवी होती, असे विचारले तर आपल्यालाही उत्तर देता येणार नाही. पण या प्रसंगात दडलेला प्रश्न वेगळाच आहे. समजा, एका रजिस्टरात ७३० नावे आहेत. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले आहेत असे धरले, तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरीने दोन मुले येतील. रजिस्टरात १ जूनच्या नावापुढे शंभर मुले आहेत. म्हणजे त्यांतली सुमारे अठ्ठ्याण्णव ‘लिहिलेली’ आणि दोन ‘जन्मलेली’. ही दोन कोणती? रजिस्टर ते सांगू शकत नाही. अठ्ठ्याण्णव अंदाजांनी दोन खऱ्या तारखाही आपल्यात ओढून घेतल्या आहेत. ज्या आईने खरोखर १ जूनच सांगितला असेल, तिच्या सांगण्यालाही आता पुरावा म्हणून किंमत उरलेली नाही.

माहिती मिळाली नाही म्हणून आधीच ठरवून ठेवलेली जी किंमत रकान्यात घातली जाते, तिला संगणकाच्या व्यवहारात डिफॉल्ट म्हणतात. मराठीत ‘गृहीत मूल्य’ म्हणता येईल. गुरुजींचा १ जून हे गृहीत मूल्यच होते, फक्त ते हाताने लिहिले जात होते. आज शाळेपासून रुग्णालयापर्यंत सर्वत्र नोंदी संगणकावर होतात, आणि तिथे हे काम आपोआप, क्षणार्धात आणि कोणाच्या लक्षातही न येता होते. म्हणूनच ते कसे होते हे समजून घेणे जरुरीचे आहे.

समजा, एका शाळेने मुलांच्या आरोग्याच्या नोंदी संगणकावर ठेवायचे ठरवले. प्रत्येक मुलासाठी एक नोंद. तिच्यात रकाने असे: नाव, इयत्ता, वजन, उंची, दृष्टी. पहिले चार रकाने सर्वांसाठी भरले जातात. दृष्टीची तपासणी मात्र डॉक्टर येतील तेव्हाच व्हायची. नोंद पक्की करताना ‘दृष्टी’ रिकामी राहिली तर पुढच्या तक्त्यांत भोके दिसतात, छापील अहवाल विचित्र दिसतो. मग आज्ञावली लिहिणारा एक सोपी सूचना घालतो: नोंद पक्की करताना पाहा, ‘दृष्टी’ हा रकाना रिकामा असेल तर तिथे ‘सामान्य’ असे लिही.

ही एका ओळीची सूचना आहे. बहुसंख्य मुलांची दृष्टी सामान्यच असते, तेव्हा ती सोयीचीही वाटते. पण पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी संगणकाला विचारले, ‘तपासणी राहिलेल्या मुलांची यादी दे’, तर यादी कोरी येईल. सगळ्यांच्या नावापुढे काही ना काही लिहिलेले आहेच! फळ्यावरचे न दिसणारी, म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणारी एखादी मुलगी या कागदावर तपासून सामान्य ठरलेली आहे. कोणी खोटे लिहिलेले नाही, कोणी हयगयही केलेली नाही. तिच्याबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर कोणीच न देता ते दिले गेले आहे, इतकेच.

गृहीत मूल्य तीन वेगवेगळ्या वेळी घालता येते, आणि परिणाम त्या वेळेवर अवलंबून असतो.

पहिली वेळ म्हणजे कोरा अर्ज पडद्यावर उघडतो ती. रकान्यात ‘सामान्य’ हा शब्द आधीच दिसतो, भरणाऱ्याने हवा तर बदलायचा. इथे निदान माणसाच्या डोळ्यांसमोर ते मूल्य येते. दुसरी वेळ नोंद पक्की करण्याची. भरणाऱ्याने रकाना रिकामा ठेवला आणि बटण दाबले. त्यानंतर आज्ञावली तिथे मूल्य घालते. भरणाऱ्याला ते कळतही नाही. तिसरी वेळ नोंद वाचण्याची. साठवलेल्या नोंदीत रकाना रिकामाच राहतो. फक्त अहवाल छापताना आज्ञावली म्हणते, ‘इथे काही नाही, तेव्हा सामान्य असे दाखवू.’ वरवर पाहता तिन्ही अहवाल सारखेच दिसतील. पण तिसऱ्या पद्धतीत मूळ साठ्यात रिकामे ते रिकामेच राहते. उद्या नियम बदलला, ‘सामान्य’ऐवजी ‘तपासणी बाकी’ दाखवायचे ठरले, तर एक ओळ बदलून भागते. दुसऱ्या पद्धतीत हजारो नोंदींत ‘सामान्य’ कायमचे लिहिले गेलेले असते आणि त्यांतले खरे कोणते, हा १ जूनचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मग दुसरी पद्धत वापरतात तरी कशाला? तिलाही रास्त जागा आहे. नोंद केल्याची तारीख घ्या. ती माणसाने भरण्यापेक्षा संगणकाने आपल्या घड्याळातून घातलेली बरी, आणि ती त्याच क्षणी साठवून ठेवली पाहिजे. वाचताना काढली तर रोज बदलेल. शाळेचे नाव, तालुका, माध्यम हेही तसेच. मराठी माध्यमाच्या शाळेत प्रत्येक मुलापुढे ‘मराठी’ हाताने लिहीत बसण्यात अर्थ नाही. फरक कशात आहे ते पाहा. शाळेचे माध्यम कोणते हे सूचना लिहिणाऱ्याला खरोखरच माहीत आहे. एखाद्या मुलीला फळ्यावरचे दिसते की नाही, हे त्याला माहीत नाही. पहिल्या ठिकाणी गृहीत मूल्य माहितीची बचत करते, दुसऱ्या ठिकाणी अज्ञानावर पांघरूण घालते.

आता त्या एका ओळीच्या सूचनेकडे पुन्हा वळू, कारण तिच्यात आणखी काही खाचखळगे आहेत. नोंद एकदाच पक्की होते असे नाही. चूक दुरुस्त केली, वजन नव्याने लिहिले, की ती पुन्हा पक्की होते आणि दर वेळी सूचना चालते. ‘रिकामा असेल तर’ ही अट घालायची राहिली, तर डॉक्टरांनी लिहिलेला ‘दोष आहे’ हा शेरा पुढच्या खेपेस पुसला जाऊन तिथे ‘सामान्य’ येईल. अट घातली तरी एक पेच उरतोच. शिक्षिकेने मुद्दाम ‘सामान्य’ खोडून रकाना कोरा ठेवला, कारण तपासणी झालेली नाही हे तिला ठाऊक आहे. नोंद पक्की करताच खोडलेला शब्द पुन्हा उगवतो. ‘अजून भरला नाही’ आणि ‘जाणून रिकामा ठेवला’ या दोन गोष्टी आज्ञावलीला एकसारख्याच दिसतात. म्हणून जाणकार मंडळी गृहीत मूल्य घालण्याचे काम नोंद पहिल्यांदा निर्माण होते तेव्हाच करतात, नंतरच्या दुरुस्त्यांच्या वेळी करीत नाहीत.

त्याहून फसवा पेच शून्याचा आहे. रिकामा रकाना आणि शून्य लिहिलेला रकाना या दोन अगदी निराळ्या गोष्टी, हे आपण पाचवीच्या मुलालाही समजावून देऊ. गैरहजर मुलाचे गुण आणि शून्य गुण मिळवलेल्या मुलाचे गुण एक नव्हेत. पण संगणकाच्या सगळ्याच भाषा हा भेद पाळत नाहीत. पीएचपी नावाची एक भाषा आहे. संकेतस्थळे तयार करण्यासाठी ती फार वापरली जाते. तिच्यात रकाना रिकामा आहे का हे विचारण्याची एक तयार सोय आहे. ती कोऱ्या रकान्याला ‘रिकामा’ म्हणतेच, पण ० या आकड्यालाही ‘रिकामा’च म्हणते! आपल्या गावच्या पावसाच्या नोंदीत गृहीत मूल्य घालणारी आज्ञावली या सोयीवर विसंबली, तर कोरड्या दिवसाचे प्रामाणिकपणे लिहिलेले ० मिलिमीटर ती पुसून टाकील. ज्या देशाने जगाला शून्य दिले असे आपण अभिमानाने सांगतो, तिथल्या शिक्षकांनी हा भेद मुलांच्या मनावर जरा जास्त ठसवायला हरकत नसावी.

तक्ते करण्याच्या एक्सेल या लोकप्रिय आज्ञावलीतही हे सहज पडताळून पाहता येते. पाच मुलांचे गुण असे लिहा: १८, १५, कोरा, १२, १५. सरासरी काढायला सांगा. उत्तर १५ येईल, कारण कोरा चौकोन मोजलाच जात नाही. साठ भागिले चार. आता कोऱ्या जागी ० लिहा. सरासरी १२ वर येते, कारण भागाकार पाचाने होतो. पण त्याच कोऱ्या चौकोनात ५ मिळवायला सांगा, तर उत्तर ५ येते, म्हणजे बेरजेच्या वेळी कोऱ्याला शून्य धरले गेले. एकच रिकामी जागा, एकाच आज्ञावलीत, एका वेळी ‘नाही’ आणि दुसऱ्या वेळी ‘शून्य’. हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो आणि मुलांना त्यातली गंमत कळते.

या गोंधळातून बाहेर पडण्याचा विचार शास्त्रज्ञांनी बराच आधी केला आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीचे साठे तक्त्यांच्या रूपाने कसे बांधावेत याचा गणिती पाया घातला. आजही बँका, रेल्वे आणि विद्यापीठे यांचे बरेचसे व्यवहार या पायावर चालतात. माहिती नसल्याची एक स्वतंत्र खूण त्यांच्या मांडणीत पुढे आली. तिला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. ‘इथले मूल्य माहीत नाही’ असे सांगणारी ती खूण आहे. तिचे गणितही वेगळे. नल अधिक पाच बरोबर नल, कारण माहीत नसलेल्या संख्येत पाच मिळवून आलेली संख्याही माहीत नसणार. दोन नल एकमेकांशी समान आहेत का, असे विचारले तर उत्तर ‘होय’ नाही आणि ‘नाही’ही नाही. ते ‘सांगता येत नाही’ असे तिसरेच उत्तर असते. दोन मुलांच्या जन्मतारखा ठाऊक नाहीत म्हणून ती जुळी ठरत नाहीत, हे आपल्यालाही पटेल.

कॉड यांचे एवढ्यावर समाधान झाले नाही. १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी एकाऐवजी दोन खुणा सुचवल्या. एक, ‘मूल्य आहे पण माहीत नाही’ यासाठी आणि दुसरी, ‘हा प्रश्नच इथे लागू नाही’ यासाठी. आपल्या रजिस्टरात याची उदाहरणे किती तरी सापडतील. वडिलांचा दूरध्वनी क्रमांक पालकांनी दिला नाही ही एक गोष्ट. घरी दूरध्वनीच नाही ही दुसरी. व्यवहारात मात्र ही दुहेरी खूण फारशी रुजली नाही. माझ्या मते ते आपले नुकसान आहे, पण मोठ्या आज्ञावली करणाऱ्यांना एका नलचेच ओझे झालेले असते हेही खरे.

विज्ञानातल्या मोजमापांकडे पाहिले तर आणखी एक तोडगा दिसतो. तिथे रिकाम्या जागेसाठी मुद्दाम अशक्य संख्या वापरतात. भारतीय हवामानशास्त्र विभाग देशभरच्या पावसाचे दैनंदिन आकडे चौकटीचौकटींत मांडून देतो. त्यांत जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेले असते. पाऊस उणे असू शकत नाही, तेव्हा कोणाची फसगत होण्याचे कारण नाही. तापमानाच्या आकड्यांत हेच काम ९९.९ करते. सेल्सिअस मापनात एवढे तापमान हवेचे कधीच नसते. वेडगळ दिसणारी संख्या निवडण्यातला शहाणपणा इथे लक्षात घेण्याजोगा आहे. १ जूनच्या अगदी उलट ही रीत आहे. १ जून इतर तारखांच्या गर्दीत मिसळून जातो, उणे ९९९ मिसळत नाही.

अर्थात, वापरणाराने डोळे मिटून गणित केले तर हीही रीत अंगाशी येते. एका महिन्याचे ३१ दिवस घ्या. तीस दिवस तापमान ३२ अंश आणि एका दिवसाचा आकडा हुकलेला, म्हणून ९९.९. खूण न गाळता सरासरी काढली, तर (९६० + ९९.९) भागिले ३१ म्हणजे सुमारे ३४.२ येते. एका हुकलेल्या दिवसाने महिना सव्वादोन अंशांनी तापला! पृथ्वीच्या तापमानवाढीची चर्चा दशांश अंशांत चालते हे ध्यानात घेतले, म्हणजे आम्ही संशोधक आकडे हाती आल्यावर पहिला दिवस अशा खुणा शोधण्यात का घालवतो ते समजेल.

खूण करून ठेवलेला आकडा पुढे किती मोलाचा ठरतो, याचे नामवंत उदाहरण ओझोनच्या विवराचे आहे. मे १९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. अंटार्क्टिकावरील हॅली बे येथे जमिनीवरून केलेल्या मोजमापांत दर वसंत ऋतूत ओझोनचे प्रमाण झपाट्याने घटत असल्याचे त्यांनी दाखवले. अमेरिकेचा निम्बस-७ हा उपग्रह ऑक्टोबर १९७८ पासून आकाशातून हेच मोजत होता. त्याच्या लक्षात ही घट कशी आली नाही? यावर एक कथा फार सांगितली जाते: संगणकाला ते आकडे अशक्य वाटले म्हणून त्याने ते फेकून दिले. कथा रंजक आहे, पण पूर्णपणे खरी नाही. आज्ञावलीत अशी अट होती, की १८० डॉब्सन एककांपेक्षा कमी आलेले मोजमाप शंकास्पद म्हणून वेगळी खूण करून ठेवावे. (ओझोन मोजण्याच्या एककाला डॉब्सन हे नाव आहे. तिथले नेहमीचे प्रमाण ३०० च्या आसपास असे.) आकडे पुसले गेले नव्हते. त्यांच्यावर शंकेची चिठ्ठी तेवढी लागली होती. म्हणूनच ते पुन्हा तपासून अंटार्क्टिकावरच्या विवराचा संपूर्ण नकाशा काढता आला.

क्षणभर उलटी कल्पना करा. आज्ञावली लिहिणाऱ्याने ‘१८० पेक्षा कमी आल्यास तिथे नेहमीचे ३०० लिही’ अशी सूचना घातली असती, तर? तक्ते नीटनेटके दिसले असते आणि विवर उपग्रहाच्या साठ्यातून कायमचे नाहीसे झाले असते.

गृहीत मूल्य शहाणे आणि सभ्य दिसते तेव्हा काय होते, याची आणखी दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. मॅक्समाइंड ही अमेरिकी कंपनी इंटरनेटवरील संगणक साधारणपणे कुठे असावा याची माहिती पुरवते. पुष्कळदा ‘अमेरिकेत आहे’ यापलीकडे काहीच कळत नाही. पण नकाशावर ठिपका द्यायचा तर अक्षांश-रेखांश हवेत. म्हणून २००२ मध्ये कंपनीने देशाच्या मध्याजवळचा एक सुटसुटीत बिंदू गृहीत धरला: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. हा बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराच्या अंगणात पडत होता. होता होता साठ कोटींहून अधिक इंटरनेट-पत्ते या एका घरावर येऊन बसले. चोरीला गेलेला फोन शोधणारे, फसवणूक झालेले, तपासाला निघालेले पोलीस या घराचे दार वर्षानुवर्षे ठोठावीत राहिले. घरच्या माणसांना कारण कळेना. २०१६ मध्ये एका पत्रकाराने ते शोधून काढले, तेव्हा कंपनीने आपला गृहीत बिंदू हलवून एका तलावात नेला. ‘अमेरिकेत कुठेतरी’ हे उत्तर खरे होते. ते ठिपक्याच्या रूपात दिल्याबरोबर खोटे झाले. असेच अक्षांश ० आणि रेखांश ० या बिंदूचे. पत्ता सापडला नाही की कित्येक आज्ञावली दोन्ही रकान्यांत शून्य घालतात. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. नकाशे करणारे त्याला गमतीने ‘नल बेट’ म्हणतात. तिथे कोणी राहत नाही, म्हणून ती चूक निरुपद्रवी आणि ओळखायला सोपी. कॅन्ससच्या शेतात मात्र माणसे राहत होती.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. ५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारच्या जवळ एका अमेरिकी सैनिकाने शत्रूच्या ठाण्याचे स्थान आपल्या हातातल्या उपग्रह-स्थानदर्शकावर काढले. तेवढ्यात उपकरणाची बॅटरी संपली. ती बदलताच उपकरण पुन्हा सुरू झाले आणि ठरल्याप्रमाणे त्याने पडद्यावर एक गृहीत स्थान दाखवले. हे स्थान त्याचे स्वतःचे होते. तेच आकडे विमानाला कळवले गेले. बी-५२ विमानाने टाकलेला दोन हजार पौंडांचा बाँब त्याच तुकडीवर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे अफगाण लढवय्ये प्राणांस मुकले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मार्च २००२ मध्ये या घटनेचे कारण प्रसिद्ध केले. उपकरण बिघडलेले नव्हते. बॅटरी बदलल्यावर काय दाखवायचे, हे कारखान्यात बसून कोणीतरी ठरवले होते आणि तिथे ते अगदी समंजसपणाचे वाटले असणार. पडद्यावर आकड्यांऐवजी आडव्या रेघा दिसल्या असत्या तर पुढचा अनर्थ टळला असता.

आधीच भरून ठेवलेल्या उत्तराचा माणसाच्या निर्णयावर किती प्रभाव पडतो, हा मानसशास्त्रातला मोठा विषय आहे. त्यातले एकच निरीक्षण सांगून पुढे जातो. एरिक जॉन्सन आणि डॅनिएल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात युरोपीय देशांतल्या अवयवदानाच्या संमतीची तुलना केली. जर्मनीत संमती स्वतःहून नोंदवावी लागे. तिथे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार न नोंदवणाऱ्याची संमती धरली जाई. तिथे ते ९९ टक्क्यांच्या वर होते. कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे, हे खरे. पण शेजारी राहणाऱ्या दोन समाजांची मने इतकी वेगळी असतील असे मानणे कठीण आहे. वेगळे होते ते रिकाम्या रकान्याचे गृहीत उत्तर.

मग शाळेच्या नोंदींत काय करावे? सर्वांत साधा उपाय असा, की मूल्याच्या शेजारी आणखी एक छोटा रकाना ठेवावा: हे मूल्य कुठून आले? तपासून, कोणाच्या सांगण्यावरून, की गृहीत धरून? आधारच्या नोंदणीत जन्मतारखेपुढे असाच रकाना आहे. तारीख कागदपत्रांवरून पडताळलेली, नुसती सांगितलेली की अंदाजे, हे तिथे नोंदवले जाते, आणि ज्यांना फक्त वय सांगता आले अशा माणसांच्या सुरुवातीच्या आधार पत्रांवर नुसते जन्मवर्ष छापलेले असे. गुरुजींनी १ जूनच्या पुढे कंसात ‘अं.’ एवढे एकच अक्षर लिहिले असते, तर ती दोन खरी मुले आपल्याला आजही सापडली असती. पण छापील रजिस्टरात त्यासाठी जागा ठेवलेली नव्हती. आखणी करणाऱ्याने विचार केला नाही तर भरणारा काय करणार?

आणखी एका प्रसंगी विशेष जपावे लागते. नोंदवहीत दोन-चार वर्षांनी नवा रकाना वाढवतात, तेव्हा जुन्या सगळ्या नोंदींत तो कोरा असतो. त्या वेळी नव्या रकान्याला गृहीत मूल्य दिले, तर ते जुन्या नोंदींतही एका दमात भरले जाते. ‘अपंगत्व: नाही’ असे मूल्य घालून नवा रकाना सुरू केला, की पूर्वी कधीही न विचारलेल्या शेकडो मुलांबद्दल संगणक ‘विचारले, नाही म्हणाले’ असे सांगू लागतो. इथे ‘विचारले नाही’ असा तिसरा पर्याय ठेवून जुन्या नोंदींत तोच भरणे हा योग्य मार्ग.

आणि अशी गृहीत मूल्ये आधीच मिसळून गेली असतील, तर ती ओळखता येतात का? एकेक नोंद पाहून नाही, पण समूह पाहून येतात. शाळेचे जुने रजिस्टर मुलांपुढे ठेवा. नावे झाकून फक्त जन्मतारखा द्या. प्रत्येक महिन्याला किती, महिन्याच्या प्रत्येक तारखेला किती, असे दोन स्तंभालेख काढू द्या. जन्म वर्षभर अगदी सारखे विखुरलेले नसतात, तेव्हा थोड्याफार चढउताराकडे लक्ष देऊ नये. पण १ जूनचा सुळका अगदी बेडौल उभा राहील. मग दहा-दहा वर्षांचे वेगळे आलेख काढा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. पुढच्या काळात गावात जन्मदाखले मिळू लागले, तसा सुळका केव्हा आणि किती खाली आला, हे आपापल्या गावासाठी मुलांना स्वतः शोधता येईल.

वयाच्या बाबतीत हीच कसोटी जनगणनेचे अभ्यासक वापरतात. वय नक्की माहीत नसलेली माणसे पस्तीस, चाळीस, पन्नास अशी ठोकळ वये सांगतात. मुलांनी गावात पाहणी करून २३ ते ६२ वर्षे वयाच्या माणसांची वये लिहून आणावीत. त्यांतली ० किंवा ५ ने संपणारी वये मोजावीत, त्या संख्येला पाचाने गुणावे, एकूण माणसांच्या संख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. याला व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. सर्वांनी खरे वय सांगितले तर उत्तर १०० च्या जवळपास येते, सर्वांनी ठोकळ वय सांगितले तर ५००. पाहणी निदान दोनशे माणसांची असावी, नाहीतर नुसत्या योगायोगानेही आकडा बराच हलतो. पुरुष आणि स्त्रिया यांचे निर्देशांक वेगवेगळे काढावेत. आणि वय सांगणारी व्यक्ती स्वतः होती की तिच्या वतीने घरातल्या दुसऱ्याने सांगितले, हे लिहिण्यासाठी तक्त्यात एक रकाना आधीच आखून ठेवावा.